बाबांचा आवाज येत नाही

राजापेठ, अमरावती
८ फेब्रुवारी, रविवार

ती. सुगतदादास,
रश्मीचा सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो म्हणे, हे ऐकून बरं वाटलं. वहिनींचा खोकलाही उतरला असेल. इकडे आम्ही सगळे धड आहोत. आईच्या मोतीबिंदूला तीन आठवडे झाले आणि डोळा इतका स्वच्छ झाला आहे, की माझ्या घरात कुठे कुठे जाळी लागली आहेत ते ती आता खुर्चीवर बसून सांगते. (ऑपरेशनच्या आधी हे घर तिला फार टापटीप वाटायचं.) बाबांची साखर, रक्तदाब आणि मतं, तिन्ही जागच्या जागी आहेत. आणि हे सगळं फोनवर सोडून मी पत्रात का लिहिते आहे म्हणशील, तर तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर ठेवायला लावतात आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसतात. जे सांगायचं ते बाबांबद्दलच असेल तर माणसाने करावं काय? म्हणून शाळेतून चार फुलस्केप कागद आणले (स्वतःच्या वहीतले, काळजी करू नकोस) आणि बसले.

तर मूळ गोष्ट अशी, की आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये दहा मिनिटांची फिल्म दाखवायची, ही कल्पना माझी होती हे मला मान्य आहे. वहिनी म्हणाल्या होत्या, देऊन टाकू एखाद्या फोटोवाल्याला. त्यावर मी म्हणाले, त्यात काय एवढं, मी करते, शाळेत स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ मीच जोडते. ते खरंही आहे. फक्त ते मोबाइलचे असतात आणि तीन मिनिटांचे असतात, एवढं त्या वेळी सांगायचं राहून गेलं. मग तू माळ्यावरून तुझा तो २०११ सालचा कॅमेरा काढून दिलास, जुन्या बॅगेत, कार्डासकट, वायरीसकट, आणि बॅगेच्या खालच्या कप्प्यात अर्ध्या सुपारीसकट. अकोल्याहून इकडे येईपर्यंत मी ती बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

पहिल्या संध्याकाळी वायर काढली, एक टोक कॅमेऱ्यात आणि दुसरं कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि सगळे पडद्याकडे बघत बसलो. कॉम्प्युटरला कॅमेरा दिसेना. आमच्या ललितरावांचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय आहे, बंद करून पुन्हा चालू करणे. त्यांनी तो तीन वेळा केला. (बँकेत पंचवीस वर्षं हेच करून ते मॅनेजर झाले, असं मी म्हणत नाही, त्यांच्या हाताखालचे लोक म्हणतात.) मी वायर या भोकातून त्या भोकात घालून पाहिली. एवढ्यात बाबा आतून टेस्टर घेऊन आले. वीज मंडळातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण लाइनमनचा खिसा अजून रिकामा नसतो, तुला माहीत आहे. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "हिले करंटच भेटून नाही राहिला."

आम्ही दोघांनी त्यांना प्रेमाने समजावलं, की बाबा, बॅटरी भरलेली आहे, हे सॉफ्टवेअरचं काम आहे. ते टेस्टर खिशात घालून जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्याकडे चष्मा लावून पाहिलं, तर त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कॉम्प्युटरला जोडायचं असेल तर आधी चार्जर भिंतीला लावा. भरलेली बॅटरी त्याला चालत नाही. चार्जर लावला आणि कॉम्प्युटर टुणकन वाजला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, फक्त पान उलटलं, पण ज्या आवाजात उलटलं तो मला कळला.

आता कार्ड उघडलं, तर फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, कांदा सोलावा तसं. सगळ्यांत आत चाळीस-पन्नास फाइली, नावं काय, तर शून्य शून्य शून्य एक, शून्य शून्य शून्य दोन. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी त्या सगळ्या फाइली आतून उपसून बाहेर काढल्या, कॉम्प्युटरवर नीट नवा फोल्डर केला आणि एकेकीला नाव दिलं: 'बाबा भाषण', 'वहिनी मेंदी', 'दादा झोपलेला'. दादा, मी कॉपी करायच्या ऐवजी कट केल्या. त्यानंतर सहज कॅमेरा चालू केला, तर तो म्हणतो, माझी नोंदवही बिघडली आहे, दुरुस्त करू का, हो किंवा नाही. हो म्हटलं आणि त्याने उरलंसुरलं पुसलं तर? नाही म्हटलं आणि तो रुसला तर? आई तिकडून म्हणाली, "काही विचारलं का आपलं नाई म्हनून द्यावं, मंग पाह्यता येते." पन्नास वर्षांच्या संसारातून आलेला सल्ला होता, मी मानला.

मग खालच्या मजल्यावरच्या इंदूबाईंना बोलावलं. तू त्यांना ओळखत नाहीस. बासष्ट वर्षांच्या आहेत, राजापेठेत त्यांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं, आता तिथेच कॉम्प्युटरचा क्लास आहे आणि अर्ध्या अमरावतीच्या कारकुनांनी त्यांच्या हातची पट्टी खाल्ली आहे. त्यांनी बसायच्या आधी विचारलं, की मॅडम, तुम्ही एखाद्याच्या रजिस्टरमधली पानं फाडून नेली आणि वर त्यांना नवे नंबर घातले, तर तो कारकून बोंबलेल की नाही? मी म्हणाले, बोंबलेल. तर म्हणाल्या, कॅमेरा तेच करून राहिला आहे. अख्खा फोल्डर जसाच्या तसा उचलायचा असतो, आतल्या फाइली उपसायच्या नसतात. मग त्यांनी मला सगळ्या फाइलींना जुनी नावं परत द्यायला लावली (बेचाळीस फाइली, मान खाली घालून, शाळेतल्या पोरीसारखी), त्या परत कार्डात बसवल्या, कॅमेरा गप्प झाला, आणि मग अख्खा फोल्डर कॉपी केला. काही हरवलं नाही. तुझं झोपलेलं चित्रीकरणही सुखरूप आहे.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने मग सगळं मुकाट्याने घेतलं. मुकाट्यानेच घेतलं, कारण चित्र आलं आणि आवाज आला नाही. पडद्यावर अकोल्याच्या घराचा गृहप्रवेश, मंडप, पंगत, पळणारी पोरं, सगळं चिडीचूप. आणि मधोमध बाबा उभे, पांढरा सदरा, एक बोट वर, सात मिनिटं अखंड बोलताहेत. त्या दिवशी बाबांनी भाषण केलं होतं हे तुला तरी आठवतं का? कॅमेरा तूच धरला होतास, पण तू हॉलभर पाहुण्यांना हात करत होतास हे चित्र हलतंय त्यावरून दिसतं. मी पोराला घेऊन बाहेर होते. आई आत आलूबोंडे तळत होती. बाबांना विचारलं काय बोललात, तर म्हणाले, आठवत नाही, पण बोललो असेन तर खरंच बोललो असेन.

इथून घरात बिघाड सुरू झाला. कारण चौथ्या मिनिटाला बाबा एकदम थांबतात, ललितरावांकडे बोट करतात आणि काहीतरी करारी चेहऱ्याने म्हणतात. ललितरावांनी ते मागे-पुढे करून अकरा वेळा पाहिलं. त्यांचं म्हणणं, ओठांवरून स्पष्ट कळतं, 'जावई कामाचे नाहीत' असंच आहे. मी म्हणाले, 'जावई नावाचे नाहीत' असंही असू शकेल. त्याने त्यांचं समाधान झालं नाही. दोन दिवस ते बाबांशी फक्त हवामानावर बोलले. बाबांना कारण कळेना, त्यांना वाटलं बँकेत काही झालं, म्हणून ते यांना रोज संध्याकाळी धीर देत होते. त्याने हे आणखीच दुखावले गेले.

शेवटी परत इंदूबाई. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, की या कॅमेऱ्याचा आवाज ज्या प्रकारात साठवलेला आहे, तो प्रकार तुमच्या फुकटातल्या सॉफ्टवेअरला कळत नाही. फाइल आधी दुसऱ्या प्रोग्रॅममधून बदलून घ्या, मग आत घाला. ते बदलायला चाळीस मिनिटं लागली. एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती आणि आम्ही पाच जण चहाचे कप घेऊन तिच्याकडे बघत होतो. आईसुद्धा आली, कारण तिला नवीन डोळ्याने काहीही बघायला आवडतं.

मग आवाज आला. आधी तेलाचा चर्र, मागच्या चुलीवरून, मग भांडी, मग कोणाचं तरी मूल, आणि मग बाबा. पंधरा वर्षं तरुण. आधी त्यांनी सिमेंट, विटा आणि गवंडी यांच्याबद्दल सविस्तर मतं मांडली, त्यात साडेतीन मिनिटं गेली. मग ते थांबले, यांच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "जावईबापू, जरा पंखा लावा." ललितरावांनी कप खाली ठेवला, खोल श्वास घेतला आणि बाबांना विचारलं, तुम्हाला आणखी चहा देऊ का. ते मिटलंच असं धरून चाल. पण त्यानंतर बाबा पडद्यावर जे बोलले, ते मी तुला जसंच्या तसं लिहिते:

"लोक म्हनतात जानरावनं घर बांधलं, पोरं शिकवले. जानराव तं खांबावर होता, आज धारणीले, उद्या बाळापूरले. शिकवलं ते केशरनं. मी फक्त पोरायच्या रिपोर्टवर सही करो, तेही ती बोट ठेवे तिथं. माह्या घरातला खांब ते हाये. हे तिच्यासमोर बोलनं मले जमत नाही, म्हून ती आत हाये तोवर बोलून घेतो."

दादा, तू हे हातात धरून उभा होतास आणि मावसभावाला हात करत होतास.

इंदूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मी म्हणाले, पंख्याने धूळ उडते हल्ली. आई पडद्याकडेच बघत होती. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "पंधरा वर्सं झाले. तवाच आत आवाज द्याचा होता ना, मी काय बहिरी होती?"

बाबा तोपर्यंत उठून खिडकीशी गेले होते. तिथून त्यांनी जाहीर केलं, की ते बोलणं त्यांचं नाहीच. "आजकाल कंपूटर कोनाचाबी आवाज बनवते. पेपरात आलं होतं. इंदूबाईनं बनवलं हे." इंदूबाई म्हणाल्या, मला येत असतं तर मी आधी आमच्या यांचा बनवला असता. आई म्हणाली, "रश्मी, पुन्हा लाव." मी लावलं. तिने पाच वेळा ऐकलं. सिमेंट आणि विटा मात्र तिने दुसऱ्या वेळेपासून वगळायला लावल्या.

तेव्हापासून रोज दुपारी मी शाळेतून आले की आई खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसते आणि बाबा नेमके तेव्हाच फिरायला निघतात. पण जिन्यात थांबतात, हे मला इंदूबाईंनी सांगितलं. फिल्मचं म्हणशील तर आता नऊ मिनिटं चाळीस सेकंदांची झाली आहे. प्रश्न एवढाच, की हॉलमध्ये हे भाषण लावायचं की नाही. बाबा म्हणतात, खोटा आवाज लावला तर मी जेवायलाही थांबणार नाही. आई काहीच म्हणत नाही, आणि ती काही म्हणत नाही तेव्हा तुला माहीतच आहे.

वहिनींना नमस्कार, गुडघ्यावर उगाच जोर देऊ नकोस.

तुझी,
रश्मी

ता.क. – खरं कारण लिहायचं राहिलं. काल आई भाजी घ्यायला खाली गेली, तेव्हा बाबा माझ्यापाशी आले. आधी त्यांनी दोन बटणं तपासली, एका प्लगचा स्क्रू घट्ट केला. मग हळूच म्हणाले, "सुगतपाशी दुसरं कार्ड हाये म्हनते. त्याच्यात तुही माय माह्याविषयी काही बोलली असन काय?" वहिनींच्या कपाटात ते कार्ड आहे ना? लगेच पाठव. आधी स्वतः ऐकू नकोस. (ऐकशीलच.) आणि या पत्राचा दोघांपाशीही उच्चार नको.

ता.क. २ – पत्र टेबलावर ठेवून मी दूध तापवायला गेले होते. आईचा डोळा फारच चांगला झाला आहे, हे मी विसरले. यापुढचं अक्षर तिचं आहे.

सुगत, कार्ड पाठवू नको. त्याच्यात काही नाही, मले माहीत हाये. जे म्हनाचं ते मी हॉलमधी माईकवर म्हनीन, सगळ्यायसमोर. तू फक्त तुह्या बाबाले पयल्या रांगेत बसव, आन मधात उठू देऊ नको.