पीओपीतलं अर्धं लिंबू

अब्बा, आज वाळूजच्या कारखान्यात, आमच्या लॅबमध्ये, मी तुमचं लिंबाचं पाणी तपासलं आणि ते खरं निघालं. म्हणून लगेच हे लिहायला बसले.

आमच्या पीओपीच्या पोत्यांबद्दल तक्रार आली होती. माल घमेल्यातच दगड होतो, कारागिराला हात फिरवायला वेळच मिळत नाही. साहेब वैतागलेले. मला एकदम फुलंब्रीचं ते डॉक्टरांचं घर आठवलं. मी बारावीत, सुट्टीत तुमच्यासोबत आलेली. तुम्ही लाकडी घोडीवर उभे राहून छतावर हातानं गुलाबाचं फूल काढताय. पीओपी कालवण्याआधी पाण्यात अर्धं लिंबू पिळलेलं. मी विचारते, "अब्बा, लिंबानं काय होणार?" तुम्ही खाली न बघताच म्हणता, "माल थांबतो, बेटा. पाकळी घाईनं होत नाय." पुढचं घमेलं मी कालवलं, आणि तुमच्या नकळत त्यात चार लिंबं पिळली, तुम्हाला आणखी वेळ मिळेल असं वाटलं. माल आळलाच नाही. अख्खी पाकळी निसटून डॉक्टरीणबाईंच्या पलंगावर पडली. त्या बोलायला लागल्या तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "माझ्या हातानं जास्त झालं, बाई. फूल परत काढून देतो." परतताना एसटीत मात्र मला म्हणालात, "इचारायचं होतं. मी नाय म्हणलो असतो का?"

आज साहेबांना विचारूनच चिमूटभर सायट्रिक ॲसिड तोलून पाण्यात टाकलं. साधा माल दहा मिनिटांत घट्ट झाला. ॲसिडवाल्यात अर्ध्या तासानंतरही तपासणीची सुई लोण्यात जावी तशी जात होती. मग दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. साध्या मालात लांब, बारीक स्फटिक एकमेकांत गुंतलेले. ॲसिडवाल्यात तेच आखूड, जाडसर. आम्ल त्यांच्या टोकांना चिकटतं आणि वाढू देत नाही. ॲसिड वाढवलं की गुंताच नीट होत नाही, माल भुसभुशीत राहतो. म्हणून अर्धंच लिंबू, अब्बा! मी तिथंच टाळी वाजवली, सगळे बघायला लागले.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे सुचलं कुठून?"

"माझे वडील पीओपीचे कारागीर होते," मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर.

कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मी 'ठेकेदार' लिहिला होता. तुम्ही तो बघू नये म्हणून तुमची सहीसुद्धा मीच केली होती. आता तुम्ही नाही, हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.