प्रश्न क्रमांक ३८ : लग्नातली माणसे

दि. १७ जून २०२५

प्रति,
मा. सदस्य सचिव,
तर्क व गणित प्रवेश चाचणी कक्ष,
अहिल्यानगर.

विषय : कु. स्नेहल हिचा कापलेला एक गुण परत मिळण्याबाबत.
संदर्भ : माझी हरकत फेटाळणारे आपले दि. ९ जूनचे पत्र.

महोदय,

मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. मिरजगाव येथे चार मुलांकडून प्रवेश परीक्षेच्या तर्काच्या प्रश्नांचा सराव करून घेतो. मी गणिताचा पदवीधर नाही, हे आपण पत्रात दोनदा लिहिले आहे. ते खरे आहे.

प्रश्न असा होता : "एका लग्नात वर, वधू, दोघांचे आई-वडील आणि वराचा मामा हजर आहेत. तिथे कमीत कमी किती माणसे असतील?" आपले उत्तर सात. स्नेहलने सहा लिहिले. निवासी वर्गाची यादी ७१ गुणांवर थांबली, तिला ७० आहेत. यादी २० तारखेला बंद होते.

सरावात हाच प्रश्न आला तेव्हा मीही सातच म्हणालो होतो. स्नेहल म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी सहाच हुते." तिच्या आईचे वडील भीमा हे तिच्या वडिलांचे सख्खे मामा. तिच्या आई-वडिलांच्या लग्नात ते मामा म्हणून नवरदेवामागे उभे राहिले आणि मंगलाष्टके संपताच कन्यादानाला पलीकडे गेले. त्यांना मामाचा एक आणि व्याह्याचा एक असे दोन फेटे बांधले. डोके एकच होते.

आपण कळवता की असे नाते "अपवादात्मक" आहे. प्रश्नात "कमीत कमी" लिहिले आहे. कमीत कमी म्हणजे अपवादासकट, एवढे मला पदवीशिवाय कळते. आपल्या अर्ज-खिडकीवरचे कारकून मच्छिंद्र मला म्हणाले, "उत्तर सातच हाय. शाळेतल्या पोरीला लगीन काय कळतंय?" त्यांची पत्नी कुणाची मुलगी, असे मी भीतभीत विचारले. "मामाचीच केली की," म्हणाले, आणि अर्ज परत दिला.

"विद्यार्थ्यांची दिशाभूल करू नये" हे आपले वाक्य वाचून मी घाबरलो. मी स्नेहलला सांगितले की साहेब म्हणतात तर सातच असतील. त्या दिवसापासून ती सरावाला येत नाही. दिशाभूल मी केली ती एवढीच, आणि ती आपल्या पत्रावर विश्वास ठेवून केली. या वयात मला स्वतःची लाज वाटते. आपल्याला वाटते की नाही, ते मला माहीत नाही.

तरी २० तारखेपूर्वी गुण द्यावा व तिचे नाव यादीत घ्यावे. उत्तर सातच ठेवायचे असल्यास सोबतचा त्याच लग्नाचा फोटो समोर घ्यावा, बोट ठेवून माणसे मोजावीत आणि सातव्याचे नाव आपल्या सहीशिक्क्यानिशी कळवावे. मी ते स्नेहलच्या घरी वाचून दाखवीन.

आपला नम्र, पण या वेळी न घाबरलेला,
योसेफ सॅम्युएल भिंगारदिवे
मिरजगाव, ता. कर्जत

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) लग्नाचा फोटो. परत मिळावा, त्यांच्या घरात एकच आहे.