सगळ्याच चौकटींवर खूण

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत. गुडघे हल्ली नमस्कारात भाग घेत नाहीत.) तुझी साखर, वहिनीची पाठ आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. आम्ही मुलीकडे सुखात आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईल, किंवा येणार नाही. तोवर हिंमत किती उरते त्यावर आहे.

मुद्दा रस्त्याचा. आमच्या दारासमोर चौपदरी रस्ता, आणि पलीकडे महापालिकेचा पोहण्याचा तलाव. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हिला त्या तलावात रोज चालायला सांगितलं आहे. (पाण्यात चाल म्हणाले, पाण्यापर्यंत कसं चालायचं ते सांगितलं नाही.) पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा बारा सेकंद राहायचा. हिला वॉकर घेऊन सव्वीस लागायचे. उरलेले चौदा सेकंद ही ट्रकवाल्यांच्या भरवशावर. दोनदा मधोमध अडकली. दुसऱ्यांदा एकाने हॉर्न दिला, तेव्हापासून चार महिने घरात बसून होती. खुबा आखडत चालला होता, आणि करमणूक म्हणून माझ्या चुका काढायची.

महापालिकेच्या सभेत दर महिन्याला कुणीही तीन मिनिटं बोलू शकतो. पण मला इथली भाषा येत नाही. त्यावरही त्यांनी सोय ठेवली आहे. अपंगांना आणि भाषा न येणाऱ्यांना मदत फुकट, फक्त पाच दिवस आधी अर्ज करायचा. अर्ज अर्थातच इथल्या भाषेत. मुलीने कामावर जाता जाता प्रत्येक चौकटीचा अर्थ कागदावर लिहून दिला: कान, डोळे, चाकाची खुर्ची, हातांच्या खुणांची भाषा, आंधळ्यांची उठावाची लिपी, दुभाषा. तिने बजावलं होतं की फक्त दुभाष्यावर खूण कर.

इथे मला तू आठवलास. तू नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढलीस आणि त्यातून एकच तत्त्वज्ञान घरी आणलंस: सरकारकडे दहा मागावे, तेव्हा दोन मिळतात. मीही जातिवंत शिंपी. शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. मी सगळ्याच चौकटींवर खूण केली.

दादा, इथल्या कचेरीत कापायला कुणी शिकलेलंच नाही. मागितलं ते सगळं त्यांनी दिलं.

दारातच एका शिपायाने मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मांडीवर उठावाच्या लिपीतला सभेचा कार्यक्रम ठेवला, उशीएवढा जाड. कानात यंत्र अडकवलं. समोर एक तरुण हातांच्या खुणा करत उभा राहिला. डाव्या बाजूला एक गृहस्थ, आंधळ्यांना समोरचं दृश्य सांगणारे. त्यांनी कुजबुजायचं की अध्यक्षबाई चष्मा पुसताहेत, आणि उजवीकडच्या दुभाषीबाईंनी तेच मला आपल्या भाषेत सांगायचं. मला ते दोघांच्याही आधी दिसलेलं असायचं, पण मान डोलवणं भाग होतं. आणि जिला खरी गरज ती आमची ही माझ्या शेजारी वॉकर धरून उभी, कारण अर्ज माझ्या नावावर. तिची ती नजर कुणी मला भाषांतर करून सांगितली नाही. गरज नव्हती.

माझं नाव पुकारलं. मी खुर्चीतूनच हिच्याकडे वळून पुटपुटलो, की साठ सेकंद मागतो, घासाघीस होऊन सव्वीसवर येतील, बाई दिसते तेवढी खडूस नसेल. दुभाषीबाई फार प्रामाणिक. अर्जदार जे बोलेल ते सगळं सांगायचं, असा त्यांचा नियम. त्यांनी ते माईकवर सांगितलं. सभागृह दोन हप्त्यांत हसलं. आधी ऐकू येणारे, मग शेवटच्या रांगेतले एक बहिरे आजोबा, त्या तरुणाचे हात बघून. हात खडूस कसे दाखवतात ते मला आता माहीत आहे.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला नक्की काय होतं? मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात माझी किती मिनिटं उरली ते बघत होतो, त्यामुळे डोळ्यांबद्दल काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, मला नाही, हिला होतं. मग हिला पुढे बोलावलं. ही दोनच वाक्यं बोलली. मला पलीकडे जायचंय. धावता येत नाही.

बाईंनी लगेच इंजिनिअरला मोजमाप घ्यायला सांगितलं. मंगळवारी तो घड्याळ घेऊन आला. ही ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून तयार. आणि दादा, चार महिने मी सव्वीस सव्वीस करून गाव डोक्यावर घेतलं होतं, ती बया एकोणीस सेकंदांत पलीकडे. मी बघतच राहिलो. परत आल्यावर विचारलं, तर तोंड माझ्याकडे करून म्हणाली, "परक्या माणसासमोर पाय ओढत जाऊ की काय?" इंजिनिअरने एकोणीस लिहिले, नियमाप्रमाणे वर तीन धरले. सोमवारपासून दिवा बावीस सेकंद असतो. ही रोज एकवीसमध्ये जाते. एक सेकंद शिल्लक टाकून.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. डोळ्यांच्या चौकटीवर खूण होती म्हणून दिव्याला आता टिकटिक आवाजही बसवला आहे. सगळे म्हणतात, मोठा आहे. मला अजून ऐकू आलेला नाही. त्या चौकटींतली कानाची खरी होती, दादा. पस्तीस वर्षं शिलाई मशीनला कान लावून बसलो, त्याचं हे फळ. सभेत यंत्र लावल्यावर हिची ती दोन वाक्यं ऐकली. आवाज घोगरा झालाय तिचा. मी अजून जुनाच धरून बसलो होतो. यंत्र दारात परत करावं लागलं. तर विनंती अशी: गेली दोन वर्षं तुझ्या फोनवर मी 'बरं, बरं' म्हणत आलो आहे. मी कशाकशाला हो म्हटलं, ते एका कागदावर लिहून पाठव. आणि हे हिला कळू देऊ नकोस.

ता. क. (वेगळं अक्षर बघून घाबरू नका, भाऊजी.) पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं. पेटी तलावाजवळ आहे. यांच्या कानांचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे, यांनाच सांगायचं राहिलं होतं. यादी पाठवू नका. तुम्ही दोघं सहा महिने राहायला येताय, त्याला यांनी हो म्हटलंय, गाद्या आणून ठेवल्या आहेत. कानाच्या यंत्राच्या अर्जावर परवाच यांची सही घेतली. कशाचा अर्ज ते नीट सांगितलं होतं. बरं म्हणाले.