टेनेसीत पडलेला गुडघा

अर्ध्या जिन्यात बसून लिहितो आहे, मेहुण्या. वकीलबाईंच्या कचेरीतून उतरताना गुडघा मधेच अडला आणि तुझी बहीण ऑर्फा गाडी आणायला गेली आहे. गाडी येईपर्यंत नुसतं बसवत नाही. तुझा दमा कसा आहे? रस्त्याच्या तुमच्या बाजूला, व्हर्जिनियात, हवा कोरडी असते असं तू म्हणतोस. (एका रस्त्याच्या दोन कडांना दोन हवा! असो.)

गेल्या वर्षीची रस्सीखेच तुला आठवत असेलच. स्टेट स्ट्रीटच्या मधोमध राज्याची रेषा, पलीकडे तुमचं चर्च, अलीकडे आमचं टेनेसीचं. आम्ही हरलोच होतो. माझे बूट रेषेला लागले होते. तेवढ्यात तुमच्या बाजूनं कुणीतरी हात सोडले आणि आम्ही सगळे मागे कोसळलो. (मी सर्वांत पुढे असून सर्वांच्या अंगाखाली कसा गेलो, हे डॉक्टरांनाही कळलं नाही.) गुडघा फुटला, कवळी दुभंगली, ढाल मिळाली. चर्चच्या माणसांनी कोर्टाची पायरी चढू नये म्हणून मी गप्प राहिलो. आता डॉक्टर म्हणतात, गुडघाच बदलायला हवा. आणि तो खर्च माझ्या आवाक्यातला नाही.

वकीलबाई म्हणजे आपली ट्वायला. माझ्या रविवारच्या वर्गात पेंगायची तीच. कागद पाहून खडबडून जागी झाली. म्हणाली, "मिस्टर हर्शेल, इतके दिवस झोपला होतात का? टेनेसीत अंगाच्या इजेचा दावा लावायला एकच वर्ष. उद्या संपतंय."

"आणि कवळी?"

"ती मालमत्ता. तिला तीन वर्षं."

म्हणजे माझ्या हाडांपेक्षा माझे खोटे दात दीर्घायुषी. पलीकडे तुमच्याकडे पडलो असतो तर गुडघ्याला दोन वर्षं आणि कवळीला पाच. मी म्हटलं, "पलीकडे कसा पडेन? आम्ही जिंकलो!"

"तिथेच चुकलं," ती म्हणाली. "हरला असतात तर ओढले जाऊन व्हर्जिनियात पडला असता."

(तुमच्या चर्चमधल्या कुणीतरी मला 'सोंगाड्या लंगडा' म्हटलं होतं, तेही विचारून घेतलं. तोंडी बदनामीला इथे सहा महिने. तीही गेली.) ऑर्फा सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "जिंकलास ना? मग कुरवाळत बस ती ढाल."

तुझा,
हर्शेल

ता. क. दाव्यात 'कुणीतरी' चालत नाही, नाव लागतं. तुझं दिलं आहे. टोपी उडाली म्हणून दोर तू सोडलास, हे दोन्ही चर्चना ठाऊक आहे. भरपाई तुझ्या घराच्या विम्यातून जाईल (घरमालकाच्या हातून कुणाला झालेली इजाही त्यात धरतात), तुझ्या खिशातून नाही, असं ट्वायला म्हणते. विमेवाला आला की खरं तेवढं सांग.

आणखी एक. रागावू नकोस, व्हर्लन. ऑर्फा म्हणते, तुझ्या रागाला कुठल्याच राज्यात मुदत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी. दावा दाखल झाला. घरी आलो तर तू आमच्या अंगणातलं गवत कापत होतास, माझा गुडघा गेल्यापासून दर आठवड्याला कापतोस तसंच. ऑर्फानं तुला बर्फाचा चहा दिला. मी हवेबद्दल बोललो. पत्र टपालानं पाठवतो आहे.