एकच किल्ली

४ फेब्रुवारी. पहाटे ५.
आजपासून नवं आयुष्य. ‘छोटा धंदा मोठा कसा करावा’ हा ऑनलाइन कोर्स काल पूर्ण केला. मेहुण्याने पाठवला, तोही फुकट. फुकट का पाठवला, हा वेगळा विषय. त्यावर लक्ष ठेवून आहे.
कोर्समधले सर म्हणतात, यशस्वी माणूस पहाटे उठून मनातलं कागदावर उतरवतो. उठलो. उतरवतो आहे. ही झोपेतच म्हणाली, दिवा घालवा.
उद्दिष्ट एकच. बाजाराच्या टोकाला नवं लॉज होतंय. सगळ्या खोल्यांची कुलपं, किल्ल्या आणि पुढची कायमची दुरुस्ती. शेजारच्या शिंप्याने (लॉजचे पडदे तोच शिवतोय) मालकाच्या कानावर माझं नाव घातलंय. ऑर्डर मिळाली तर दुकान तरलं. नाही मिळाली तर, ही म्हणते, दुकान भाड्याने देऊ आणि तुम्ही माझ्या भावाच्या गोदामावर बसा, पोती मोजायला. भाऊ म्हणजे तोच मेहुणा. कोर्स पाठवणारा. काहीतरी शिजतंय.
वडिलांनी या दुकानात बसून अख्ख्या बाजाराच्या किल्ल्या केल्या. तिथून उठून मी पोती मोजायची? जीव गेला तरी नाही.

४ फेब्रुवारी. सकाळी ९:३०.
मधे डोळा लागला. याला पॉवर नॅप म्हणतात.

५ फेब्रुवारी.
सवय पहिली: स्पर्धक ओळखा.
माझा स्पर्धक म्हणजे समोरचा. रस्त्यापलीकडे, आमच्या दारासमोर थेट त्याचं दार. आमच्याच दुकानात वडिलांच्या हाताखाली शिकला. कानस धरायला त्यांनीच शिकवलं. मग समोर गाळा घेतला. मला अजून ‘धाकटे मालक’ म्हणतो. त्यातली खोच न कळण्याइतका मी दूधखुळा नाही.
आज सकाळभर काउंटरखाली बसून त्याचं निरीक्षण केलं. नोंद: तो गिऱ्हाइकांशी हसून बोलतो. किल्ली करून घेण्यात हसण्यासारखं काय असतं? संशयास्पद.
तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आमच्याकडे डोकावली. काउंटरवर कोणी दिसेना म्हणून समोर गेली. भरदिवसा गिऱ्हाइकं पळवतो. डोळ्यांनी पाहिलं.

७ फेब्रुवारी.
पहाटे उठणं उद्यापासून. आठवडा मध्येच सुरू केला की लय बसत नाही.
सवय दुसरी: ग्राहक समजून घ्या. यात सरांपेक्षा मी चार पावलं पुढे आहे. आमचा धंदा नाजूक. आलेला माणूस घरमालक की चोर, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आजपासून ओळखपत्र दाखवल्याशिवाय किल्ली नाही.
सगळ्यात आधी एक आजी आल्या. कपाटाची किल्ली हरवली होती. कपाट स्वतःचं आहे का विचारलं. आत काय आहे विचारलं. आजी म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी असलं कधी विचारलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच त्यांचा धंदा वाढला नाही. आजी समोर गेल्या. समोरच्याने त्यांना खुर्ची दिली. खुर्ची! आमच्याकडे खुर्ची ठेवावी का, याचा विचार करणे. पण खुर्ची दिली की माणूस बसतो, आणि बसलेला माणूस इकडेतिकडे बघतो. नको.

१० फेब्रुवारी.
सवय तिसरी: ‘नाही’ म्हणायला शिका. आज शिकलो.
दुपारी एक माणूस आला. मिशा कोरलेल्या, हातात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. म्हणाला, यातल्या दोन किल्ल्यांच्या जोड्या करून द्या, काम बघू, मग पुढचं बोलू. इतक्या दारांच्या किल्ल्या एका माणसाच्या हातात? आणि पुढचं म्हणजे काय? ओळखपत्र मागितलं. फोटोत मिशा नव्हत्या. फोटो तुमचा वाटत नाही, म्हटलं. तो म्हणाला, मिशा नंतर ठेवल्या. मी म्हटलं, चोरही नंतरच ठेवतात. दोन-चार लोक थांबून बघायला लागले. शेवटी गेला. कुठे? समोर. आणि समोरच्याने एक प्रश्न न विचारता काम घेतलं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्याला निदान नाव तरी विचारायचं. मी म्हटलं, नाव खोटं सांगता येतं.

११ फेब्रुवारी.
शिंपी सकाळीच येऊन बसला. मिशीवाला लॉजचा मॅनेजर होता. मालकाने त्याला आमचं काम पारखायला पाठवलं होतं.
आधी सांगायला काय झालं होतं? शिंपी म्हणतो, सांगितलं होतं, तुम्ही काउंटरखाली होतात.
खोटं कशाला लिहू, गोदामातली पोती डोळ्यांपुढे दिसली. पण सर म्हणतात, संकटात संधी असते. शिंप्याला पुन्हा लॉजवर पिटाळलं. निरोप असा: जो माणूस मॅनेजरवरसुद्धा विश्वास ठेवत नाही, त्याच्यापेक्षा भरवशाचा कुलूपवाला कुठे मिळणार?

१२ फेब्रुवारी.
निरोप लागू पडला. मालक हसला म्हणे. १७ तारखेला अकरा वाजता स्वतः येऊन कुलूप बघणार. ही म्हणाली, नशीब. नशीब नाही, कम्युनिकेशन स्किल.

१४ फेब्रुवारी.
माळ्यावरून वडिलांच्या वेळचं शटरचं कुलूप काढलं. वजनाने दगड. आतल्या लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, अजून ठणठणीत. वडिलांचं काम, त्याला हात लावला नाही. बाकी सुधारणा माझ्या:
आत स्प्रिंग घातली. शटर खाली ओढलं की कुलूप आपोआप लागतं. विसरायचा प्रश्नच मिटला.
शटर आतून उघडायचा खटका काढून टाकला. दिवसा दुकानात लपून बसायचं आणि नंतर आतून उघडून पसार व्हायचं, ही चोरांची जुनी युक्ती. आता लपा.
आणि मुख्य म्हणजे किल्ली एकच. जुन्या कुलपाला दोन होत्या. दुसरी कुठे गेली कोण जाणे. गेली ते बरंच झालं. दुसरी किल्ली म्हणजे दुसरा चोर. हे वाक्य मालकासमोर टाकणार.
ही म्हणाली, अहो, जगाला दुसरी किल्ली करून देता, स्वतःला एक करा की. बायकांना सिक्युरिटी कळत नाही.

१५ फेब्रुवारी.
कुलूप शटरला बसवलं. समोरचा बाहेर येऊन बघत उभा होता. म्हणाला, धाकटे मालक, हे काकांचं ना? वडिलांना तो काका म्हणतो. चादर टाकून कुलूप झाकलं.

१६ फेब्रुवारी.
सवय चौथी: डीप वर्क. रोज एक तास शटर ओढून, फोन दूर ठेवून, फक्त विचार. उद्या दहा ते अकरा, मालक येण्याआधी, आत बसून भाषणाची तयारी.
शिंप्याला बजावलं. त्या तासात शटरवर कोणी कितीही थापा मारल्या, हाका मारल्या, तरी ढुंकून बघायचं नाही. समोरचा व्यत्यय आणायला काहीही करेल. शिंपी म्हणाला, आवाज तुमचाच असला तर? मी म्हटलं, तो नकला करतो.

१७ फेब्रुवारी. सकाळी १०.
डीप वर्क सुरू. फोन स्कूटरच्या डिकीत. किल्लीही तिथेच, खिसा कापला जातो. शटर ओढलं. कट् असा सुरेख आवाज आला. शाबास.

१०:२०.
भाषण तयार. शटर उघडावं म्हटलं.

१०:२५.
शटर आतून उघडत नाही. तशीच रचना आहे.

१०:३०.
स्कूटर सुरू झाल्याचा आवाज. ही माडीवरच्या घरातून उतरून भावाकडे निघाली असणार. डिकीसकट. हाक मारली. हॉर्न वाजवून गेली.

१०:३५.
शटरवर थापा मारल्या. शिंप्याला हाका मारल्या. त्याचं मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. माणूस शब्दाचा पक्का निघाला. नको तेव्हा.

१०:५०.
हत्यारं सगळी हाताशी. कुलूप बाहेर. शटरला खालून पहार लावता येईल, पण मालकासमोर वाकडं शटर कसं दाखवणार?

११:०५.
बाहेर पावलं. एक भारदस्त आवाज म्हणाला, मी लॉजवरून आलोय. आधी वाटलं, समोरचाच आहे. नक्कल. मालक असल्याचा पुरावा मागितला. आवाज म्हणाला, पडद्यांचा रंग पिवळा ठरलाय, विचारा शिंप्याला. शिंपी म्हणाला, खरं आहे.
मी म्हटलं, नमस्कार, डेमो चालू आहे. हे कुलूप बाहेरच्याला आत येऊ देत नाही. मालक म्हणाला, लागलेलं दिसतंय, आता उघडून दाखवा.
भाषणात हा मुद्दा नव्हता.

११:१५.
मालकाने समोरच्याला हाक मारली. मी आतून ओरडलो, त्याला नको. मालकाने ऐकलं नाही.
समोरचा आला. निदान अट घातली, कुलूप उघड, पण त्यात बघू नकोस. बरं म्हणाला. तार नाही, कानस नाही, खटपट नाही. कुलपात काहीतरी घातलं, फिरवलं आणि शटर वर गेलं. उजेडात डोळे दिपले. समोर मालक, शिंपी, मिशीवाला मॅनेजर आणि बाजारातली ओळखीची-अनोळखी माणसं. समोरच्याच्या हातात किल्ली.
दुसरी किल्ली.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळ.
मी त्याला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर. तो रागावला नाही. म्हणाला, काकांनी दिली होती, शेवटच्या आजारात. इतकी वर्षं दुकानातल्या खिळ्याला होती. मी विचारलं, तुला का? तो सांगेना. शिंप्याने आग्रह केला तेव्हा खाली बघून म्हणाला, काका म्हणाले होते, आमच्या धाकट्याचा कोणावर भरवसा नाही, एक दिवस स्वतःलाच कोंडून घेईल, तेव्हा तू उघड.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
फार लागलं. वडिलांनी मला किल्ली दिली नाही, याचं नाही. त्यांना मी इतका स्वच्छ दिसत होतो, याचं.
ही परत आली. तिने किल्ली आणि फोन समोर ठेवला, चहा केला. पोत्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. हे जरा संशयास्पद आहे, पण आज शोध घेण्याची ताकद नाही.

२० फेब्रुवारी.
ऑर्डर समोरच्याला.
त्याने मालकाला सांगितलं म्हणे, कुलपं मी बसवतो, पण खोलीमागे दोन-दोन किल्ल्या एकट्याने व्हायच्या नाहीत, त्या धाकट्या मालकांकडे द्या, हात काकांचाच आहे. म्हणजे ऑर्डर त्याची, किल्ल्या कापणारा मी. ही म्हणाली, हो म्हणा, नाहीतर गोदाम आहेच. हो म्हटलं. कोर्समध्ये याला स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप म्हणतात. त्याचा यात फायदा काय, ते मात्र अजून सापडलेलं नाही. शोधतो आहे.

२१ फेब्रुवारी.
शटरच्या कुलपाची तिसरी किल्ली केली. हिला दिली. ही म्हणाली, झोपेत केलीत का? म्हटलं, नाही, शुद्धीत आहे.

२३ फेब्रुवारी.
उठलो साडेआठला. कामाचा पहिला दिवस. दुकानात खुर्ची ठेवली.
मिशीवाला मॅनेजर जुडगा घेऊन आला. बसा म्हटलं. बसला नाही. जुडगा छातीशी धरून म्हणाला, ओळखपत्र. काढून दिलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. म्हणाला, फोटो तुमचा वाटत नाही. मी म्हटलं, तेव्हा केस होते. तो म्हणाला, केस तर सगळ्यांचेच जातात. दोन-चार लोक थांबून बघायला लागले.
तेवढ्यात समोरच्याने कानस खाली ठेवली आणि रस्त्यापलीकडून सांगितलं, द्या हो त्यांना, ओळखीतले आहेत.
जुडगा मिळाला.