उघड्या हाताने

प्रिय अव्वा,

तू गेल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा. इतके दिवस तुला पत्र लिहायचं सुचलं नाही, पण आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल तुझं एक वाक्य घरात पुन्हा ऐकू आलं, माझ्या गौरीच्या तोंडून. तिला अजून चार वर्षंही पुरी झालेली नाहीत!

सांगते. पण आधी तुझ्यावर थोडं रागावू दे.

आपल्या कोहिनूर गावात पूजा झाली की सगळ्या आया आपापल्या पोरांच्या कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढायच्या. तू मात्र विभूतीचा गोळा पाटावर ठेवायचीस आणि लांबून म्हणायचीस, "तूच लाव. मला हात लावू नगं, तुला बी लागंल." माझ्या रेषा वाकड्या यायच्या, शाळेत पोरी हसायच्या. तुझ्या हातांची सालपटं निघायची, पेरांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत तू उरलेली विभूती भरायचीस. देवाची राख, तिनं बरं होईल म्हणून! हात आणखी कोरडे व्हायचे, तू आणखी राख भरायचीस. तुला कुणीच कसं सांगितलं नाही गं?

तू गेलीस त्या दिवशी बायका तुझ्या अंगाला विभूती लावत होत्या. मला म्हणाल्या, हातांना तू लाव. मी पुढे केलेला हात मागे घेतला. मेलेल्या आईला भ्याले! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता गौरीचं ऐक. थंडी पडली तशी तिची कोपराच्या घडीतली आणि गुडघ्यांमागची कातडी खरखरीत झाली. सकाळी चादर झटकली की पांढरा कोंडा पडायचा. तो मी ओळखला, तुझ्या हातांचाच, आणि तिला उचलून दवाखाना गाठला. बिदरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे इसब आहे, घराण्यात चालत येतं, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, फेसाचा साबण बंद, अंग हलकंच टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम चोळायचं. लोकरीचा स्वेटर उघड्या अंगावर नको. लाल झालं तर दुसरं औषध, तेही त्या सांगतील तितकेच दिवस. राखेचं विचारलं, तर म्हणाल्या, कपाळाला खुशाल लावा, कोरड्या कातडीला नको.

मी सगळं पाळते. पण लहानपणी बसलेली भीती काही जाईना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन हातात घालायची आणि मग मलम लावायची. घरात विचारलं तर सांगायची, मलम फार चिकट आहे.

काल संध्याकाळी पिशवी सापडेना. मी तसाच हात पुढे केला, तर गौरीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"पिशवी घाल की आई. तुला बी लागंल."

अव्वा, तू पदराखाली हात लपवायचीस ना, अगदी तश्शी उभी होती. हे तिला मीच शिकवलं, रोज, तोंडातून शब्द न काढता! उद्या हीसुद्धा पोटच्या लेकराला लांबूनच विभूती देईल का?

मी तिचे हात ओढून घेतले आणि मलम लावायला लागले. लावलेलं बोट मी दर वेळी पदराला पुसत होते. ती बघत राहिली.

"आई, तू कामून भ्यायलीस?"

मी तिच्या दुसऱ्या हाताला मलम लावलं. मी तुला असं विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस? मला वाटायचं, मी तुझी नावडती. इतकी वर्षं तसंच धरून बसले. तू मला जपत होतीस, हे काल कळलं, आणि तेव्हा गळ्यात पडून रडायला तू जवळ नव्हतीस.

भीती गेली, असं खोटं सांगणार नाही. आज डबी उघडतानाही हात आधी पिशवीच्या जागेकडे गेला. पण तुला शब्द देते: घरातल्या पिशव्या भंगारवाल्याला दिल्या आहेत. कितीही भीती वाटली तरी उघड्या हातानंच लावीन. मलम जिरलं की तिच्या कपाळावर तीन बोटं मीच ओढीन. आणि येत्या अमावस्येला तिला घेऊन कोहिनूरला तुझ्या समाधीवर येईन. तुझ्या हातांना लावायची राहिलेली विभूती तिथल्या मातीला लावीन. या वेळी हात मागे घेणार नाही.

तुझी,
वाकड्या रेषांची शांता