टाकी हाक मारते, मोटार ओ देत नाही

धानोरा, रविवार

आदरणीय हरिदास भाऊजींना धाकट्या साळ्याचा, म्हणजे धम्मदीपचा, मनापासून जयभीम.

तुमची तब्येत बरी असेल असं लिहिणार होतो, पण तुमच्याकडे राहून गेलेली रिना परवा नागपूरहून सांगत होती की बाबा ताटातलं अर्धं तसंच ठेवतात आणि फोन कोणाचाच उचलत नाहीत. पोटच्या पोरीचा नाही, माझा नाही (विमावाल्यांचाही नाही, तेवढं एक बरं आहे). म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते वाजू देऊन गप्प बसायची सोय नाही. गुडघ्याला तेल लावता ना? चिमूरला पाऊस कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे. जे ठीक नाही ते पुढे लिहितो.

इथून बरंच आत जंगलात एक गाव आहे, त्याची नळयोजना माझ्या गळ्यात पडली आहे. गावापासून लांब नदीकाठी मोटार, टेकडीवर टाकी, दोन्हीकडे एकेक यंत्र आणि यंत्रात आपल्या फोनमध्ये असतं तसंच सिम. टाकी रिकामी झाली की तिचं यंत्र मोटारीच्या यंत्राला पिंग करतं, म्हणजे नुसतं विचारतं, आहेस का? तिकडून 'आहे' आलं की टाकी म्हणते, सोड पाणी. (आमच्या घरी याहून कमी बोलण्यात पाणी भरलं जातं, पण यंत्रांना एवढं लागतं.) तर रोज सकाळी बायका डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन नळावर येतात तेव्हा टाकी विचारत राहते आणि मोटार गप्प. नळ कोरडा. मग तेच गुंड घेऊन नाल्यावर जायचं, आणि नाल्याच्या वाटेवर सध्या पिल्लांची वाघीण आहे. हाताने मोटार चालू करायचं बटण आहे, पण त्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली ठेकेदाराच्या खिशात, तो गडचिरोलीला.

मी बस आणि उसन्या सायकलीने पोचेपर्यंत दुपार व्हायची. तोवर यंत्र आपोआप शुद्धीवर आलेलं असायचं, आणि माझ्या लॅपटॉपवर पिंगला चटाचट उत्तरं. म्हणजे मी खरा, यंत्र खरं आणि तहानलेलं गाव खोटं. ऑफिस म्हणालं टॉवरचा दोष. टॉवरवाले म्हणाले यंत्राचा. यंत्रवाले म्हणाले तुमच्याकडे झाडं फार आहेत. मी अँटेना उंच बांबूला बांधली, ती माकडांनी खाली उतरवून तपासली. साहेबांनी येऊन नारळ फोडला. गावातले वयोवृद्ध झिंगूबाबा म्हणाले, नदीला न विचारता मोटार बसवली, तिला कोंबडी द्या. कोंबडीही दिली. दुसऱ्या सकाळी पिंग लागला, आणि श्रेय नारळाचं की कोंबडीचं यावर पारावर वाद रंगला. त्यापुढच्या सकाळी मोटार पुन्हा गप्प, तेव्हा वाद मिटला. (जी सकाळ लागली ती बुद्धपौर्णिमेची होती. हे का लिहितो ते कळेलच.)

शेवटी मी गावातच मुक्काम केला आणि सकाळी लॅपटॉप उघडून मोटारीजवळ बसलो. टाकीचे पिंग व्यवस्थित येत होते. तेवढ्यात यंत्राचा लाल दिवा लुकलुकला, पिंग तुटले, आणि पडद्यावर एक नंबर आला. कोणीतरी मोटारीला फोन करत होतं. यंत्राला बोलायला तोंड नाही, त्याने फोन कापला. जुनं यंत्र आहे, एका वेळी एकच काम जमतं. फोन आला की पिंगकडचं लक्ष उडतं आणि दुपारपर्यंत परत लागत नाही. (आपल्या नात्यात असे दोघेतिघे आहेत.)

नंबर तुमचा होता, भाऊजी.

ताई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही तिचं सिम माझ्या हातात ठेवलं होतं. "नंबर बंद पडू देऊ नोको," एवढंच म्हणालात. सिम पडून राहिलं की कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. योजनेचं सिम नदीकाठी रेंज पकडेना, ताईचं पकडलं. म्हटलं, बसवून टाकू; रोज वापरात राहील, रीचार्ज ग्रामसभा करेल, आणि आपल्या संघप्रियाताईच्या नावाने एका गावाला पाणी मिळेल. मला ते फार छान वाटलं होतं. तुम्ही रोज त्या नंबरावर फोन करत असाल हे माझ्या मनातही आलं नाही. पौर्णिमेला तुम्ही सकाळीच विहारात गेला असणार.

मला आधी हसू आलं. मग तिथेच बसून रडलो. ती गेल्यावर चारचौघांत मी रडलो नव्हतो, ते सगळं त्या मोटारीजवळ निघालं. नळ कोरडा पाहून बुधरी नावाची बाई गुंडासकट तिथवर आली होती. तिने विचारलं, "काऊन रडून राह्यला, भाऊ?" मी सांगितलं. तिने रिकामा गुंड डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "त्याले नोको थांबवू. आमी जातो नाल्यावर."

वाघीण असताना, भाऊजी. आणि दुसऱ्या सकाळी त्या खरंच गेल्या, कोणी माझ्याकडे तक्रार केली नाही. माझ्याने ते पाहवलं नाही. बाकी सर्व कुशल आहे.

तुमचा,
धम्मदीप

ता. क. फोन करू नका असं लिहायला बसलो होतो, ते काही लिहिता येत नाही. फक्त सकाळचा दुपारी करा. तोवर टाकी भरलेली असते, मग यंत्राने खुशाल दुपारभर झोपावं.

ता. क. (दुसरा) ताई अंगणवाडीत असताना तुमचा फोन कापायची, आणि लेकरं खाऊन गेली की उलट करायची. यंत्राला कापणं तेवढं येतं, उलट करणं शिकवता येत नाही, मी करून पाहिलं. म्हणून तुमचा दुपारचा कापला गेला की थोड्या वेळाने माझा येईल, माझ्याच नंबरावरून. मी तिच्यासारखंच आधी 'जेवलात का' विचारीन. तेवढा उचला.